नागपाड्यातला कप्तान

बास्केटबॉलचे नाव काढले की आपल्या घरांत दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. मुले म्हणतात, लेब्रॉन जेम्स! अब्बू म्हणतात, तो उंच माणसांचा अमेरिकन खेळ, त्यात आपले काय? भिवंडीत शाळेच्या वर्गात विचारा, भारताच्या बास्केटबॉल संघातला एक तरी खेळाडू सांगा, तर वर्ग गप्प बसतो. क्रिकेटचे अकरा आणि राखीव चार अशी पंधरा नावे एका दमात सांगणारी हीच मुले.

भारताच्या बास्केटबॉल संघाचे कप्तानपद एकेकाळी मुंबईच्या नागपाड्यातल्या एका मुसलमान खेळाडूने केले आहे. त्यांचे नाव गुलाम अब्बास मुंतसीर. जन्म १९४२ चा. भारत सरकारने १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना दिला. हा पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि त्याच वर्षी बास्केटबॉलमधून सरबजितसिंग यांना मिळाला. पुढे खुशीराम, गुरदयालसिंग, हरीदत्त अशी नावे आली आणि त्यांच्या पाठोपाठ गुलाम अब्बास. ज्या नागपाड्यात आपल्यापैकी अनेकांचे मामा, खाला, सासर-माहेर आहे, जिथे आपण भायखळ्याला लोकलमधून उतरून चालत जातो, तिथला हा माणूस. तरी त्यांचे नाव आपल्या घरांत ठाऊक नाही, हे आम्हाला खटकते.

१९७० हे साल भिवंडीच्या वडीलधाऱ्यांना वेगळ्याच कारणाने आठवते. त्या मे महिन्यात आपल्या गावात जे झाले ते इथे पुन्हा सांगायला नको. ज्यांनी पाहिले ते अजून त्याबद्दल आवाज खाली घेऊन बोलतात. पण त्याच वर्षाच्या खात्यात ही दुसरी नोंदही आहे आणि मुलांना दोन्ही माहीत असाव्यात असे आम्हाला वाटते.

आता नागपाड्याकडे येऊ. सिनेमावाल्यांनी या वस्तीचे एक चित्र लोकांच्या डोक्यात पक्के बसवले आहे. शेजारी कामाठीपुरा, गल्लीत टोळीवाले, हातात वस्तरा. नागपाडा म्हणजे एवढेच असते तर तिथून भारताचा कप्तान कुठून आला असता? सआदत हसन मंटो याच भागात राहत होते, हे उर्दू वाचणाऱ्यांना माहीत असेल. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की देवनारची आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली नागपाड्यातच सुरू झाली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहुड हाऊस उभारले होते. गिरणीकामगार आणि गरीब कुटुंबांसाठी दवाखाना, वर्ग, वाचनाची सोय, मुलांचे खेळ असे त्या घराचे काम चाले. समाजकार्य शिकवणारी पहिली शाळा त्याच इमारतीत भरली आणि तिचे पहिले संचालकही मॅनशार्टच.

मिशनवाले आले की खेळ येतोच. बास्केटबॉल तर मिशनच्याच घरात जन्मलेला. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या प्रशिक्षण शाळेत, १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकापुढे एक साधी अडचण होती. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली दांडगी पोरे. त्यांनी पीच फळाच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि फुटबॉल हातात दिला. (शिक्षकाला वर्ग आवरण्यासाठी काय काय करावे लागते, हे शिक्षकालाच कळते!) त्याच संस्थेच्या हातून खेळ हिंदुस्थानात आला. १९३४ साली दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० साली भारतीय महासंघ स्थापन झाला. मुंबईत नागपाडा आणि त्याच्या शेजारचे मस्तान तलाव ही दोन नावे या खेळात जोडीने घेतली जाऊ लागली. मस्तान वायएमसीए विरुद्ध नागपाडा हा सामना म्हणजे त्या भागातल्या लोकांना सणासारखा.

हा खेळ दाटीच्या वस्तीत इतका का रुजला, याचे उत्तर मापात आहे. पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. क्रिकेटच्या एका मैदानात अशी कितीतरी कोर्टे बसतील. एका बाजूला पाच खेळाडू, सगळ्यांत मिळून एक चेंडू. बॅट, पॅड, ग्लोव्हज काही नको. ज्या मोहल्ल्यात माणसाला पाय पसरायला जागा नाही, तिथे एवढा तुकडा राखला तर शंभर मुले रोज घाम गाळू शकतात. नागपाड्याने तो तुकडा राखला. भोवती दाटीने इमारती उभ्या राहिल्या, भाव आकाशाला भिडले, तरी कोर्ट तिथेच राहिले. महापालिकेच्या त्या मैदानाला बच्चू खान यांचे नाव आहे. त्यांचे खरे नाव मुस्तफा खान. ते ना मंत्री ना शेठ, ते मुलांना बास्केटबॉल शिकवणारे प्रशिक्षक. शिक्षकाच्या नावाचे मैदान मुंबईत किती आहेत, जरा आठवून पाहा.

गुलाम अब्बास यांची पिढी याच हवेत वाढली. आजच्या मुलांना कळावे म्हणून त्या काळच्या खेळाबद्दल दोन शब्द. तेव्हा आंतरराष्ट्रीय सामन्यात तीन गुणांची रेषाच नव्हती, ती १९८४ नंतर आली. कितीही लांबून बास्केट टाका, गुण दोनच. चोवीस सेकंदांत फेकलेच पाहिजे हा नियमही नव्हता, तीस सेकंद मिळत. म्हणजे लांबून मारून सामना फिरवणे शक्य नव्हते. चेंडू हातोहात नेत, गर्दीतून वाट काढत, रिंगच्या जवळ पोचावेच लागे. दाटीत वाट काढण्याची सवय नागपाड्याच्या मुलांना जन्मापासून, असे आम्ही गमतीने म्हणतो, पण त्यात थोडे तथ्य असावे.

त्या पिढीच्या भारतीय संघाने आशियात मान मिळवला होता. १९७५ साली बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या मागे भारत चौथा आला. फिलिपिन्ससारखा बास्केटबॉलवेडा देश आपल्या मागे राहिला. त्यानंतर आजतागायत भारत त्या स्पर्धेत इतका वर गेलेला नाही. ऑलिंपिकचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडले नाही. भारत ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये एकदाच खेळला, १९८० साली मॉस्कोत, तेही अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे जागा रिकामी झाली म्हणून. तिथे आपण सगळे सामने हरून बारावे आलो. जी पिढी आशियात सर्वांत वर पोचली तिला ऑलिंपिक नाही आणि जिला ऑलिंपिक मिळाले ती तळाला. नशिबाचा हा हिशेब खेळाडूंनाच माहीत.

मग वाचक विचारतील, आणि विचारायलाच हवे, की या माणसाला पैसे किती मिळाले? आमच्याकडे मुलाला खेळायला पाठवा म्हटले की वालिद हेच विचारतात. "सर, गेंद से पेट नहीं भरता." बारा तासांची लूमची पाळी करून आलेला माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला भाषण देण्यात अर्थ नाही. त्याचा मुलगा पंधरा वर्षांचा झाला की कांडी भरायला बसू शकतो आणि आठवड्याला पगार आणू शकतो. हा हिशेब खरा आहे.

खरे उत्तर असे, की भारतात बास्केटबॉलचा धंदा म्हणावा तसा कधी उभा राहिलाच नाही. गुलाम अब्बास यांच्या काळात तर खेळाडू हा पगारी नोकर असे. रेल्वे, सैन्यदल, पोलीस, बँका आणि मोठ्या कंपन्या आपापले संघ ठेवत, खेळाडूला नोकरी देत, सरावाला सुट्टी देत. कप्तान झाला तरी महिन्याचा पगार कारकुनाचाच. आजही देशातले चांगले खेळाडू बहुतेक रेल्वे, सैन्यदल किंवा तेल महामंडळाच्या संघातच सापडतात. मधल्या काळात खासगी लीग आल्या आणि बंद पडल्या. पंजाबच्या बल्लोके गावचा सतनामसिंग भामरा २०१५ साली अमेरिकेच्या एनबीएमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने निवडला, भारतात जन्मलेला असा पहिलाच. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले. पण एनबीएच्या मोसमात तो एकही सामना खेळू शकला नाही. तेव्हा कोणी क्लासवाला भिवंडीत येऊन "तुमच्या मुलाला एनबीएत पाठवतो" म्हणाला तर फी भरण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा.

पण नोकरी मिळते, आणि ती लहान गोष्ट नाही. नागपाड्यासारख्या वस्तीत जिथे मोठ्या कार्यालयाच्या दारात आपले नाव वाचून कपाळाला आठी पडायची, तिथे खेळाच्या जोरावर पक्की नोकरी, रेल्वेचा पास, क्वार्टर, पेन्शन मिळणे म्हणजे पुढच्या पिढीचा पाया. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा दरवर्षी चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत होतात आणि त्यात बास्केटबॉल आहे. आपल्या किती उर्दू शाळा तिथे संघ उतरवतात? क्रिकेटला गर्दी, कबड्डीला थोडे आणि बास्केटबॉलच्या रकान्यात बहुधा रेघ. क्रिकेटमध्ये जिथे हजारांत एकाची निवड, तिथे आपण सगळे रांगेत उभे. जिथे रांग छोटी, तिकडे बघतही नाही.

दुसरी हरकत येते ती दीनदार घरांतून. खेळात मूल नमाज सोडेल, संगत बिघडेल, रमजानमध्ये काय करणार? ही काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणून हकीम ओलाजुवान यांची हकीकत सांगतो. नायजेरियाच्या लागोस शहरात सिमेंटचा व्यापार करणाऱ्या मुस्लिम घरातला हा मुलगा. आधी हँडबॉल खेळे, फुटबॉलमध्ये गोलकीपर असे. बास्केटबॉल हातात घेतला तो पंधराव्या वर्षी. (आपल्याकडे बारा वर्षांच्या मुलाला "आता उशीर झाला" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) शिकायला ह्यूस्टनला गेले आणि १९८४ साली एनबीएच्या निवडीत पहिले नाव त्यांचे पुकारले गेले. त्या यादीत तिसरे नाव मायकल जॉर्डनचे होते. तरुणपणी ते दीनापासून थोडे लांब गेले होते, पुढे परतले आणि १९९१ पासून आपले नाव पूर्वीच्या 'अकीम'ऐवजी 'हकीम' असे लिहू लागले. त्यानंतरच्या वर्षांत त्यांचा खेळ सर्वांत बहरला. १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन वर्षे ह्यूस्टन रॉकेट्सने अजिंक्यपद मिळवले आणि दोन्ही वेळा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तेच.

१९९५ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या सुरुवातीला आला. एनबीएचा मोसम ऐन भरात. ते रोजे ठेवून खेळले, आणि त्या फेब्रुवारीचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एनबीएने त्यांनाच निवडले. आणखी एक गोष्ट आम्हाला त्याहून आवडते. त्या काळात बड्या खेळाडूंच्या नावाचे बूट शंभर डॉलरच्या वर विकले जात आणि गरीब वस्त्यांत बुटांसाठी मुलांवर हल्ले होत, जीवही जात. ओलाजुवान यांनी आपले नाव दिले ते सुमारे पस्तीस डॉलरला मिळणाऱ्या बुटाला. करोडोंची जाहिरात सोडून गरिबाच्या आईला परवडेल असा जोडा! ह्यूस्टनच्या मध्यभागी एक जुनी बँक त्यांनी विकत घेतली, आज तिथे मशीद आणि इस्लामी केंद्र आहे.

शरीर मजबूत ठेवणे हा दीनचाच भाग आहे हे आपल्या उलमांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत घराघरांत माहीत आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा ते जिंकले. ही रिवायत आपण मुलांना सांगतो, मुलींना सांगताना मात्र पटकन पुढच्या विषयावर जातो.

तेव्हा मुलींचा विषय इथेच घेऊ. स्प्रिंगफील्ड, जिथे नेस्मिथ यांनी टोपल्या ठोकल्या, त्याच गावात बिल्कीस अब्दुल-कादिर नावाची मुलगी वाढली. डोक्याला हिजाब, पूर्ण बाह्या, पूर्ण पायघोळ, आणि त्यावर संघाचा गणवेश. शाळेच्या सामन्यांत तिने ३,०७० गुण केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात तोवर कोणत्याही मुलीने, आणि मुलानेही, एवढे केले नव्हते. अमेरिकेच्या विद्यापीठांच्या वरच्या श्रेणीत हिजाब घालून खेळणारी ती पहिली, मेम्फिस विद्यापीठाकडून. पुढे तिला परदेशात व्यावसायिक म्हणून खेळायचे होते. तिथे वाट अडली. जागतिक महासंघाच्या नियमानुसार डोक्यावर कापड चालत नव्हते, खेळाडूला इजा होईल हे कारण. २०१४ च्या इंचॉन आशियाई खेळांत कतारच्या मुलींना मंगोलियाविरुद्ध हिजाब काढा असे सांगितले गेले, तेव्हा त्यांनी सामनाच सोडला. बिल्कीस आणि तिच्यासारख्या अनेकींनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर २०१७ साली नियम बदलला आणि त्या ऑक्टोबरपासून डोके झाकून खेळणे अधिकृत झाले.

तोवर खेळाडू म्हणून तिची उमेदीची वर्षे निघून गेली होती. ज्या दारासाठी ती भांडली त्यातून दुसऱ्याच मुली आत गेल्या. आम्ही ही हकीकत मुलींना सांगतो तेव्हा त्या आधी चिडतात, मग विचारतात, म्हणजे आता चालते ना? चालते. आता जागतिक महासंघाचा नियम अडवत नाही, अडते ते आपल्या गल्लीत. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कप्तान झाली. तिचे नाव ऐकून आमच्या मुलींना वाटते ती आपल्यापैकीच. ती मराठी हिंदू घरातली आहे असे सांगितले की थोड्या हिरमुसतात. एक तर म्हणाली, "मग आपली कोण?" त्यावर सांगायला आमच्याकडे नाव नव्हते.

भिवंडीत जागा नाही, हे खरे आहे. शांतीनगर किंवा गैबीनगरच्या गल्लीत लूमच्या आवाजात शेजाऱ्याशी बोलायलाही ओरडावे लागते. मोकळे प्लॉट होते तिथे इमारती झाल्या, हायवेकडे गोदामे. मुले मोबाईलवर बास्केटबॉल खेळतात, अंगठ्याने. पण कोर्टासाठी लागणाऱ्या जागेचे माप आता आणखी लहान झाले आहे. तीन विरुद्ध तीन हा प्रकार टोकियो ऑलिंपिकपासून पदकाचा खेळ आहे. एकच रिंग, १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब जागा, दहा मिनिटांचा सामना किंवा एकवीस गुण होतील तोवर. आपल्या बहुतेक शाळांचे दुआ आणि राष्ट्रगीताचे पटांगण एवढे नक्की आहे, आणि शाळा सुटल्यावर ते असरपासून मगरिबपर्यंत रिकामे असते. मुलींच्या शाळांना तर भिंत आहे, फाटक आहे, आत बाईच शिकवणार. ज्या पडद्याची घरच्यांना काळजी, तो आधीच तयार आहे. आठवड्यातले तीन दिवस मुली, तीन दिवस मुले असे वाटून घेता येते.

खर्चाचेही सांगून टाकतो, कारण कमिटीच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच येतो. लोखंडी रिंग आणि बोर्ड गावातला कोणताही फॅब्रिकेटर बनवून देतो, लूमचे सुटे भाग घडवणाऱ्या या गावात वेल्डरांची वाण नाही. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २.६० मीटरवर. दोन्ही उंचीला बसेल असा सरकता बोर्ड करून घेतलेला बरा. बोर्ड विटांच्या भिंतीत ठोकू नका, मुले रिंगला लटकतात. आरसीसीच्या खांबात बोल्ट आरपार घाला आणि खांबाला गादी गुंडाळा. चेंडू लहान मुलांसाठी पाच नंबरचा, मुलींसाठी सहा, मोठ्या मुलांसाठी सात. फरशी गुळगुळीत असेल तर पावसाळ्यात खेळ बंद ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोणाचा तरी हात मोडेल आणि कमिटी कोर्ट काढून टाकेल. रेषा मारायला पेंटर बोलावण्याआधी कोणीतरी एकदा भायखळ्याला उतरून बच्चू खान मैदानावर संध्याकाळी तासभर उभे राहून यावे, सोबत शाळेची चार मुले न्यावीत. मगरिबच्या आधी पोचावे.